पाठीवरचं पोतं, जांघेतली गाठ

बाजार समितीत पहाटे ट्रक लागतो. हमाल दम कोंडून पोतं पाठीवर घेतो. दम कोंडला की पोटातला दाब वाढतो आणि आतडं वाट शोधू लागतं. पुरुषांत ती वाट जन्माआधीच पडलेली असते. गर्भात वृषण पोटातून खाली उतरतात ते जांघेतल्या एका अरुंद बोगद्यातून, आणि ती जागा पुढे कायमची कच्ची राहते. एक दिवस तिथे मऊ फुगवटा दिसतो, आडवं झालं की आत जातो. लोक म्हणतात आंत उतरलं, डॉक्टर म्हणतात हर्निया.

दोष पोत्याचा की शरीराचा? माझ्या मते दोघांचाही. डेन्मार्कमध्ये पुरुष कामगारांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा वर्षानुवर्षं ओझी उचलणं आणि तासन्‌तास उभं राहणं यांचा संबंध याच जुन्या वाटेनं उतरणाऱ्या हर्नियाशी दिसला. विडीचा जुनाट खोकला आणि शौचाला कुंथणं त्यात भर घालतात. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं १९६७ साली प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोची मर्यादा सुचवली होती. शंभर किलोचं पोतं वाहिलेली माणसं आपल्या बाजारांत आजही भेटतात.

पट्टा बांधून गाठ दबते, छिद्र बुजत नाही. त्यासाठी शस्त्रक्रियाच लागते आणि बहुतेकदा त्या जागी कृत्रिम जाळी बसवतात. ही जाळी महाग. धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईचाचे सर्जन डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी मच्छरदाणीचं कापड निर्जंतुक करून तीच जाळी म्हणून वापरलं आणि सहकाऱ्यांसह २००३ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. मिरचीच्या बाजारपेठेच्या गावात सुचलेली ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. पुढे युगांडात सुमारे तीनशे पुरुषांवर अशी स्वस्त जाळी आणि महागडी जाळी यांची तुलना झाली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात वर्षभरानंतरही दोन्हींच्या निकालात म्हणण्यासारखा फरक नव्हता.

तरीही हमाल गाठ लपवतो, कारण शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे ओझं उचलता येत नाही आणि तेवढ्या दिवसांची हमाली बुडते. पण आत जाणारी गाठ एकदा अडकली, टणक झाली, दुखू लागली, उलट्या सुरू झाल्या, तर आतड्याचा रक्तपुरवठा तुटत असतो. अशा वेळी ती दाबत बसू नका, सकाळची वाट पाहू नका. त्याच रात्री रुग्णालय गाठा.