माशाचं आतडं का लांबेना?

कोळीणमावशीच्या पाटीतला लेपा कधी निरखून पाहिलाय? अंगाने चपटा आणि दोन्ही डोळे एकाच बाजूला! उलटा करून पाहिलात तर तिकडे डोळ्यांचा पत्ताच नाही. गंमत अशी, की अंड्यातून बाहेर येतं तेव्हा लेप्याचं पिल्लू चारचौघा माशांसारखंच असतं. उभं पोहतं, इकडे एक डोळा, तिकडे एक. मग काही दिवसांनी त्यातला एक डोळा चक्क जागा सोडतो आणि सरकत सरकत दुसऱ्याच्या शेजारी जाऊन बसतो. आता पिल्लू तळाशी आडवं व्हायला मोकळं.

पण डोळ्याला कळतं कसं, की आता निघायचं? ते सांगणारं एक रसायन आहे, त्याला संप्रेरक म्हणतात. थायरॉईड, म्हणजे अवटू ग्रंथी, ते तयार करते. शाळेची घंटा वाजली की सगळे वर्ग एकदम हलतात ना, तसं हे संप्रेरक रक्तात वाढलं की शरीरातले वेगवेगळे अवयव आपापल्या कामाला लागतात. १९८५ साली जपानी शास्त्रज्ञांनी लेप्याच्या एका जातभाईच्या पिल्लांना हे संप्रेरक आधीच दिलं, तर त्यांचा डोळा वेळेआधीच निघाला. तुमच्या-माझ्या गळ्यातही हीच ग्रंथी असते. मिठात आयोडीन घालतात ते तिच्यासाठीच.

आता जरा लांब जाऊ. पॅसिफिक महासागरात, ताहितीच्या शेजारी मोरेआ नावाचं बेट आहे. भोवती प्रवाळाची रांग आणि आत उथळ, निळंशार पाणी. तिथे एक मासा राहतो. त्याचं शास्त्रीय नाव अकँथुरस ट्रायोस्टेगस, पण ते म्हणताना जीभ अडखळते. अंगावर उभे काळे पट्टे असतात, म्हणून आपण त्याला पट्टेवाला म्हणू. (कचेरीतला नव्हे!) आपल्या लक्षद्वीपच्या प्रवाळांवरही तो आढळतो.

पट्टेवाल्याचं बालपण खुल्या समुद्रात जातं. तिथे तो पाण्यात तरंगणारे बारीकसारीक जीव खातो. अंग इतकं पारदर्शक, की आरपार दिसावं. शत्रूला दिसायलाच नको! मग एखाद्या काळोख्या रात्री लाटांवर स्वार होऊन तो प्रवाळाच्या आत शिरतो आणि आठवडाभरात त्याचा कायापालट होतो. पारदर्शकपणा जातो, पट्टे उमटतात, दातांचा आकार बदलतो. आणि सगळ्यात भारी म्हणजे आतडं भराभर लांब होतं. का? कारण यापुढे त्याला मांसाहार बंद. आता जेवायला दगडावरचं शेवाळ, आणि शेवाळ पचायचं तर लांबलचक आतडं हवं. इथेही काम थायरॉईडचंच.

मोरेआत काम करणाऱ्या शास्त्रज्ञांना शंका आली: या घंटेत कुणी ढवळाढवळ केली तर? त्यांनी क्लोरपायरिफॉस हे कीटकनाशक निवडलं. ते किड्यांच्या मज्जासंस्थेवर घाव घालतं. शेतात फवारलेलं औषध पावसाबरोबर ओढ्यात आणि ओढ्यातून समुद्रात जातं. प्रवाळांच्या पाण्यात हे औषध बरेचदा सापडलेलं आहे. नुकत्याच आलेल्या पिल्लांना त्यांनी हे औषध घातलेल्या पाण्यात ठेवलं. पिल्लं मेली नाहीत. पण त्यांच्या अंगातलं संप्रेरक घटलं, कायापालट रेंगाळला, आतडं हवं तेवढं लांबेना आणि शेवाळही ती कमी खाऊ लागली. हे २०१७ साली प्रसिद्ध झालं.

मला खरा धक्का बसला तो २०२० सालच्या पुढच्या प्रयोगाने. तो समजायला आधी बाजारातून आणलेल्या बांगड्याच्या कुशीवर डोक्यापासून शेपटीपर्यंत गेलेली बारीक रेघ पाहा. तिथे सूक्ष्म छिद्रं असतात. मागून कुणी आलं, पाणी हललं, की माशाला ते या रेघेवर जाणवतं. पट्टेवाल्याची ही रेघ, डोळ्यांचा पडदा आणि नाकाच्या आतल्या घड्या, सगळं याच आठवड्यात पक्कं होतं. औषधाच्या पाण्यातल्या पिल्लांमध्ये हे सगळंच कच्चं राहिलं. मग शिकारी मासे समोर आले तेव्हा ती जास्त संख्येने गट्टम झाली. बिचाऱ्यांना शत्रूचा सुगावाच नीट लागत नव्हता!

औषध होतं किती? लिटरमागे ३० मायक्रोग्रॅम. दहा हजार लिटरच्या तीन टँकरमध्ये एक ग्रॅम टाकलं तर जवळपास तेवढं होईल. प्रयोगासाठी ही मात्रा मोठीच होती, असं शास्त्रज्ञ स्वतःच सांगतात. पण आणखी एक नवल ऐका. औषध न घालता नुसतं पाणी तीन अंशांनी गरम केलं, तरी पिल्लांची अवस्था तीच! दोन्हींनी थायरॉईडचं संप्रेरकच कमी केलं होतं. खात्री करायला त्यांनी अशा पिल्लांना ते संप्रेरक वरून दिलं, आणि ती शिकाऱ्यांपासून बरीच बचावली. चोर अगदी मुद्देमालासकट पकडला म्हणा ना.

एका छोट्याशा माशाचं एवढं काय, असं कुणी विचारेल. पट्टेवाले शेवाळ खातात म्हणून प्रवाळ मोकळे राहतात. खाणारे कमी झाले, की शेवाळ पसरतं आणि प्रवाळ त्याखाली गुदमरतात.

युरोपीय संघाने २०२० साली क्लोरपायरिफॉसवर बंदी घातली. आपल्याकडे मात्र ते पिकांवर फवारतात आणि घरात वाळवीसाठीही वापरतात. तुमच्या घरात वाळवीच्या औषधाची बाटली असेल, तर हात लावू नका. आई-बाबांना तिच्यावरचं नाव वाचायला सांगा. आणि हेही सांगा, की उरलेलं औषध मोरीत किंवा गटारात अजिबात ओतायचं नाही.