एक ओटा, दोन पाळ्या

इंदूरच्या सराफ्यात रात्री आठ-साडेआठपासून पेढ्यांची शटरं खाली यायला लागतात. तासाभरात त्याच पेढ्यांसमोर कढया चढतात आणि मग दोन वाजेपर्यंत भुट्ट्याचा कीस, दहीवडा, थाळीएवढा जलेबा, थंडीत गराडू नावाचा तळलेला कंद. माणूस गर्दीत शिरतो, खातो, निघतो. पण ही अदलाबदल रोज बिनबोभाट कशी होते, हे पाहायचं तर ताटलीवरून नजर काढून पायाखाली बघावं लागतं.

पायाखाली ओटा आहे. इथे त्याला ओटला म्हणतात. तो घराचा भाग, पण उघडतो गल्लीत. होळकरशाहीत इथे सावकारी चाले, हुंड्या वटत, आणि माळव्याच्या अफूच्या व्यापारातला पैसा फिरे. खाली पेढी आणि वर बिऱ्हाड अशा घरांना रस्त्याशी बोलायला असा ओटा लागतोच. जुन्या वास्तूचा पुनर्वापर म्हटला की आपल्याला हवेलीचं हॉटेल आठवतं. इथे भिंत पडली नाही, दार बदललं नाही, मालकीही हलली नाही. बदलते ती फक्त वेळ.

सौदा साधा होता. बाजार बंद झाल्यावर गल्ली सामसूम, आत सोनं. खाणारे-खिलवणारे मध्यरात्र उलटेपर्यंत जागे राहिले तर फुकटची राखण. त्यांना बसायला जागा आणि सराफाला निवांत झोप, अशी ही खाण्याची चौपाटी जमल्याचं जुने लोक सांगतात. दोन्ही बाजूंची गरज खरी होती, म्हणूनच ती टिकली.

आता त्या गरजेची एक बाजू झिजली आहे. पहाऱ्याला कॅमेरे आले. पेढ्यांना उशिरापर्यंत गिऱ्हाईक हवं असतं. उलट खाणाऱ्यांची गर्दी वाढली, चायनीजच्या गाड्या घुसल्या, आणि दाट जुन्या घरांच्या बोळात गॅसच्या टाक्या उभ्या राहिल्या. आगीची भीती इथे कुणी कल्पनेनं घालत नाही. हाकेच्या अंतरावर होळकरांचा राजवाडा आहे: सात मजले, खालचे तीन दगडी, वरचे चार लाकडी. १८०१ साली शिंद्यांच्या फौजेनं तो जाळला, १९८४च्या दंगलीत पुन्हा पेटला. २०२५मध्ये सराफा व्यापाऱ्यांनी चौपाटी इथून हलवा अशी उघड मागणी केली. महापालिकेनं मधला मार्ग काढला: चौपाटी राहील, पण पारंपरिक पदार्थांचीच.

पारंपरिक म्हणजे काय, हे कोण ठरवणार? इथे २०१४चा पथविक्रेता कायदा कामाला येतो. त्यानुसार प्रत्येक शहरात महापालिका आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली एक समिती असते. किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांचे, शिवाय पोलीस, वाहतूक, व्यापारी संघटना, रहिवासी. सराफ आणि जलेबीवाला एकाच टेबलाशी बसतील अशी सोय कायद्यातच आहे. विक्रेत्याच्या व्याख्येत खासगी जागाही येते, म्हणजे ओटा बाहेर पडत नाही. आणि एक कलम फार कमी लोक वाचतात: जिथे ५० वर्षांहून अधिक काळ विक्री चालली आहे, तो बाजार वारसा-बाजार जाहीर करावा आणि तिथल्या विक्रेत्यांना हलवू नये. म्हणजे वारसा फक्त दगड-लाकडाचा नाही, बसण्याच्या हक्काचाही. माझ्या मते सगळ्या वादाची किल्ली इथे आहे.

कागद आणि शिक्का असला म्हणजे भागतं असंही नाही. शेजारचं गोपाल मंदिर कृष्णाबाई होळकरांनी १८३२ साली बांधलं. स्मार्ट सिटीच्या पैशातून ते देखणं सावरलं, देखरेख प्रशासनाकडे. २०२५च्या जुलैत तिथे रीतसर पावती फाडून लग्न लागलं, शहर खवळलं आणि चौकशी लागली. परवानगी होती, पण ज्यांचं ते देऊळ त्यांना कुणी विचारलं नव्हतं. उलट त्याच वर्षी मे महिन्यात राजवाड्यात राज्य मंत्रिमंडळाची बैठक झाली, अहिल्याबाईंच्या तीनशेव्या जयंतीनिमित्त. सरकारच्या ताब्यातली वास्तू सरकारनं एक दिवस वापरणं सोपं असतं. रोज रात्री वापरायची गोष्ट निराळी.

रोजच्या वापरात प्रश्न बारीक असतात. शटर पडण्याआधी सामान उतरवायचं की नंतर? टाकी ओट्यावर की खाली? पेढीच्या पायरीवर गिऱ्हाईक बसलं तर उठवायचं कुणी? असल्या गोष्टी कुठल्या समितीच्या इतिवृत्तात मावत नाहीत. समिती दुकानांची यादी ठरवू शकते, वेळ ठरवू शकते, अग्निशमनाची अट घालू शकते. ओटा धुवायचा कुणी, हे तिला ठरवता येत नाही. सकाळी पेढीचा नोकर पाणी टाकतो तेव्हा तेलाचा डाग राहिलेला दिसला, तर तक्रार महापालिकेकडे जात नाही. संध्याकाळी दहीवडेवाला आला की त्यालाच ऐकवली जाते.