गाणं परत आलं, गायिका कुठे आहे?

रायपूरमध्ये हळदीच्या कार्यक्रमाला गेलात, तर 'ससुराल गेंदा फूल' कधी ना कधी वाजतंच. आत्याबाईंपासून पाचवीतल्या भाचीपर्यंत सगळ्या ताल धरतात. तिथेच कुणाला विचारून पाहा, हे गाणं कुणाचं? उत्तर येईल, "2009 च्या 'दिल्ली-6' मधलं, रेहमानचं." कुणी सांगेल, "अहो, त्या नावाची मालिकाही होती." दोन्ही बरोबर. पण हे मुळात छत्तीसगढी लोकगीत आहे आणि रायपूरच्या जोशी भगिनींनी ते चित्रपटाच्या कितीतरी वर्षं आधी गाऊन इथल्या घराघरांत नेलं होतं, हे सांगणारे थोडेच भेटतील.

गाणं जोरात परत आलं. ते आधी गाणाऱ्यांची नावं मात्र मागेच राहिली.

तुमच्याही ओळखीत एखादी अशी गायिका असेल. एकेकाळी ऑर्केस्ट्रा गाजवलेली, एखाद-दोन कॅसेट निघालेली, गणपतीच्या कार्यक्रमात "आता एकच म्हणा" असा आग्रह झाला की उठणारी. तिला साठीनंतर पुन्हा व्यावसायिकपणे उभं राहता येईल का? नुसत्या हौसेपोटी नाही, तर मानधन घेऊन, स्वतःच्या नावावर? येईल. त्यासाठी आधी एक उदाहरण नीट पाहू या.

आशाताईंनी काय केलं?

'रंगीला' प्रदर्शित झाला 8 सप्टेंबर 1995 रोजी. त्याच दिवशी आशा भोसले यांना 62 वर्षं पूर्ण झाली. पडद्यावर तरुण ऊर्मिला मातोंडकर आणि आवाज आशाताईंचा! त्याआधीच्या वर्षी, जानेवारी 1994 मध्ये, राहुल देव बर्मन गेले होते. ज्यांच्या संगीतावर त्यांची कितीतरी गाणी उभी होती, तो आधारच गेला होता. अशा वेळी 'जुनं ते सोनं' म्हणत बसणं सोपं होतं. आशाताई नव्या पिढीच्या संगीतकाराकडे गेल्या.

1996 मध्ये 'राहुल अँड आय' आला. त्यात पंचमदांचीच गाणी नव्या साजात होती. 1997 मध्ये लेझली लुईस यांच्या संगीतातला 'जानम समझा करो' हा पॉप अल्बम आला. त्या काळी तरुण मुलं संगीताच्या वाहिन्यांसमोर बसलेली असत, म्हणून आशाताई व्हिडिओ घेऊन तिथेच पोहोचल्या.

त्याच वर्षी इंग्लंडमधल्या 'कॉर्नरशॉप' या बँडने 'ब्रिमफुल ऑफ आशा' हे गाणं काढलं. त्याचं रिमिक्स फेब्रुवारी 1998 मध्ये ब्रिटनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. इथे एक गोष्ट लक्षात घ्या. गायिकेचं नाव थेट गाण्याच्या शीर्षकात होतं. ज्याला ते गाणं आवडलं, त्याच्या मनात साहजिकच प्रश्न आला, ही आशा कोण?

पुढे 2005 मध्ये अमेरिकेतल्या 'क्रोनोस क्वार्टेट'सोबत त्यांनी पंचमदांची गाणी पुन्हा गायली. त्या अल्बमला ग्रॅमीचं नामांकन मिळालं. जुनी ध्वनिमुद्रिका पुन्हा विकण्याऐवजी त्यांनी सत्तरीच्या आवाजात नवं गायन केलं.

"त्या आशा भोसले आहेत, आपलं काय?" असं तुम्ही म्हणाल. मग उषा उथुप यांच्याकडे पाहा. 1969 मध्ये चेन्नईच्या एका नाइटक्लबमधून त्यांनी सुरुवात केली. चित्रपटांत गाणी कमी मिळाली, तरी रंगमंच त्यांनी सोडला नाही. कांजीवरम साडी, मोठी टिकली आणि तोच भारदस्त आवाज. 2011 च्या 'सात खून माफ' मधल्या 'डार्लिंग'साठी रेखा भारद्वाज यांच्याबरोबर त्यांना फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. या रेखा भारद्वाज म्हणजे 'दिल्ली-6' मधल्या 'गेंदा फूल'चा आवाज. मोठी संधी उशिरा आली, पण ती आली तेव्हा उषाताई गात होत्या, हे महत्त्वाचं.

आता रायपूरचा हिशेब

समजा, तुमच्या मावशी किंवा काकू पुन्हा गायचं म्हणताहेत. कुठून सुरुवात करायची?

आधी कागद शोधा. जुन्या कॅसेटचा करार कपाटात कुठे आहे? ध्वनिमुद्रणाचा हक्क बहुधा कंपनीकडे असतो आणि तो प्रसिद्धीनंतर 60 वर्षं टिकतो. त्यामुळे आपलंच गाणं असलं तरी जुनी कॅसेट परस्पर यूट्यूबवर चढवू नका. मात्र 2012 च्या कॉपीराइट दुरुस्तीने गायकांनाही व्यावसायिक वापराच्या रॉयल्टीचा हक्क दिला आहे. त्यासाठी 2013 मध्ये गायकांनी 'इस्रा' ही संस्था स्थापन केली. गीतकार आणि संगीतकार कोण, हेही लिहून काढा. नवं ध्वनिमुद्रण करायचं तर त्यांच्या परवानगीचा प्रश्न येतोच.

पट्टी उतरवा. वयाबरोबर आवाज खाली येतो. तिशीत काळी पाचमध्ये गायलेलं गाणं पासष्टीत तिथेच गाण्याचा हट्ट धरला, तर वरचे सूर ओढले जातात आणि श्रोत्यांना दम लागलेला ऐकू येतो. दोन-तीन सूर खाली घेतलं, तर त्याच आवाजात वयाची गोडी येते. वीस गाणी नकोत. पाच निवडा, त्यातलं एक तरी पूर्ण नवं असू द्या.

तरुण साथीदार घ्या. जुन्या ऑर्केस्ट्रातले मित्र हवेतच, पण संयोजन नव्या कानांकडे सोपवा. खैरागढचं इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय 1956 पासून कलाकार घडवतं आहे. रायपूरला छत्तीसगढी चित्रपटांची गाणी सतत होत असतात, त्यामुळे वादक आणि स्टुडिओ शोधायला मुंबई गाठावी लागत नाही. फक्त नव्या मुलांना "आमच्या वेळी असं नव्हतं" हे दर दहा मिनिटांनी ऐकवायचं नाही!

छोट्या सभागृहातून सुरू करा. समजा 300 आसनं आहेत आणि तिकीट 200 रुपये. सगळं भरलं तर 60 हजार. त्यातून सभागृह, ध्वनिव्यवस्था, पाच वादक, तालमी आणि दुसऱ्यांची गाणी गायची तर आयपीआरएसचा परवाना. पहिल्या कार्यक्रमात हाती काही उरलं नाही, तर घाबरू नका. पण त्याचं चांगलं चित्रीकरण करून ठेवा. दुसऱ्या कार्यक्रमाचे पैसे तेच मिळवून देईल. महाराष्ट्र मंडळाचा कार्यक्रम, मग इतर शहरांतली मंडळं, आणि पुढे नोव्हेंबरातला राज्योत्सव, अशी पायरी चढता येते. ऑनलाइन ऐकण्यातून फारशी कमाई होत नाही. तिथून ओळख मिळते, उत्पन्न मुख्यतः कार्यक्रमातून येतं.

नाव गाण्याला घट्ट बांधा. गाणं अपलोड करताना गायिका, गीतकार, संगीतकार आणि वादक यांची पूर्ण नावं देवनागरी आणि रोमन, दोन्ही लिपींत भरा. कंटाळवाणं काम आहे, नातवाला बसवा. गाणं फॉरवर्ड होत होत हजार फोनांत जाईल, तेव्हा सोबत नावही गेलं पाहिजे.

नाव सोबत असलं तर काय होतं, हे 2020 मध्ये दिसलं. बादशाहचं 'गेंदा फूल' गाजलं आणि त्यातल्या बंगाली ओळी बीरभूमच्या रतन काहार यांच्या आहेत, हे जाणकार श्रोत्यांनी समाजमाध्यमांवर सांगायला सुरुवात केली. काहारांनी ते गाणं 1972 मध्ये रचलं होतं. बादशाहने त्यांना 5 लाख रुपये दिले. 2024 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. हे घडलं, कारण कुणाला तरी नाव आठवत होतं.

म्हणून पुढच्या हळदीला 'ससुराल गेंदा फूल' लागलं, की तुम्ही एक करा. गाणं संपल्यावर भाचीला जोशी भगिनींबद्दल सांगा. आणि गणपतीत जिला दरवर्षी फुकट गायला लावता, त्या मावशींना यंदा मानधनाचं पाकीट द्या. पत्रिकेवर त्यांचं नाव 'आणि इतर'मध्ये टाकू नका, पूर्ण छापा.