जामीन आणि शिफारस
(‘पेढीवरील माणसे’ : लेखांक सहावा)

गेल्या आठवड्यात नोकरीची जाहिरात कशी लिहावी ते पाहिले. अर्जांचा ढीग टेबलावर येऊन पडल्यावर त्यांतून माणूस कसा निवडावा, हा त्यापुढचा आणि चुकल्यास फार महाग पडणारा भाग. किती महाग, याचा हिशेब पगाराच्या रकमेवरून करण्याची आपली सवय मात्र भाबडी आहे. माझ्या परिचयाच्या एका फाउंड्रीवाल्याने बोलण्याच्या ऐटीवर भाळून एक फोरमन नेमला. सहा महिन्यांनी त्यास निरोप दिला तेव्हा त्याच्या एकूण पगाराहून कितीतरी अधिक किमतीचा माल गिऱ्हाइकांनी नापसंत करून परत धाडलेला होता, आणि ज्यांच्या हातांवर कारखाना चालत होता ते दोन जुने मोल्डर शेजारच्या शेडमध्ये रुजू झाले होते. खतावणीत यांपैकी पगार तेवढा दिसतो.

या फोरमनजवळ शिफारसपत्रे होती, तीही उत्तम. अशा पत्रांशेजारी जुन्या काळची एक रीत ठेवून पाहू. शिवकालीन लष्कराविषयी ग्रँट डफने १८२६ च्या आपल्या मराठ्यांच्या इतिहासात नमूद केले आहे की, नव्याने चाकरीस येणाऱ्या शिपायास आपल्या इमानाबद्दल व वर्तणुकीबद्दल, आधीपासून चाकरीत असलेल्या कोणाचा तरी जामीन द्यावा लागे. वरवर पाहता जामीन आणि शिफारस ही एकाच जातीची वाटतात. परंतु जामीनदार त्याच फौजेत नांदणारा, नवागताची चूक झाल्यास स्वतः जाबास पात्र होणारा, म्हणून जीभ उचलण्यापूर्वी दहादा विचार करणारा असे, तर आजच्या शिफारसपत्राखाली सही करणाऱ्याचे काहीच पणास लागलेले नसते. उलट, नकोसा झालेला माणूस सन्मानाने दुसऱ्याच्या दारी पोचविण्याची ती एक सभ्य युक्तीही असू शकते. म्हणून पत्र वाचून समाधान मानण्यापेक्षा पूर्वीच्या मालकास फोन करावा आणि एवढेच विचारावे, की जागा रिकामी असती तर यास तुम्ही पुन्हा घेतले असते काय? उत्तरापूर्वीचा विराम पुष्कळ काही सांगून जातो.

आता मुलाखत. श्मिट आणि हंटर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये निवडीच्या १९ पद्धतींची, ८५ वर्षांच्या संशोधनाच्या आधारे, तुलना केली. पुढे २०२२ मध्ये सॅकेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांतील बहुतेक आकड्यांस कात्री लावली. तरी सर्व उमेदवारांस तेच ठरावीक प्रश्न विचारून, उत्तरांस तेथल्या तेथे गुण देऊन घेतलेली मुलाखत सर्वांत वर राहिली, आणि ज्याचा आपण एवढा मुलाहिजा राखतो तो ‘अनुभव, वर्षे इतकी’ हा रकाना जवळपास तळाशी गेला. गप्पांच्या मुलाखतीत मालक बहुधा उमेदवार पारखीत नसतो, आपल्यासारखा माणूस भेटल्याचा आनंद घेत असतो. टर्नर हवा असेल तर त्याच्या हाती ड्रॉइंग आणि शाफ्ट द्यावा, लेथवर उभे करावे, आणि त्या अर्ध्या दिवसाची मजुरी चुकती करावी. हिशेबनीस हवा असेल तर मुद्दाम चूक ठेवलेली रोजकीर्द पुढे सरकवावी.

इतके करूनही माणूस चुकतोच, आणि ही गोष्ट जुन्या राज्यकर्त्यांस ठाऊक होती. शिवाजी महाराजांवरील सभासदाच्या बखरीत गडावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत हे तिघे एकाच प्रतीचे अंमलदार दिसतात, आणि जमाखर्चास कारखानीस निराळा. म्हणजे एक नेमणूक फसली तरी सबंध गड त्याबरोबर फसू नये. आपल्याकडील कित्येक छोट्या पेढ्यांत खरेदी, गोदामाची किल्ली आणि चेकबुक एकाच ‘विश्वासू’ माणसाकडे असते. तेथे दोष निवडीचा किती आणि रचनेचा किती, हे ठरविणे कठीण.

ज्यास कोणी जामीन राहणार नाही त्याचे काय? कारखानदार लक्ष्मणराव किर्लोस्करांनी मुंबईच्या तंत्रशिक्षणसंस्थेतील शिक्षकाची नोकरी बढती डावलली गेल्यामुळे सोडली होती, तेव्हा निवडणारांची दृष्टी कशी चुकते याचा धडा त्यांस स्वानुभवानेच मिळाला होता. पुढे १९१० मध्ये औंध संस्थानातील माळरानावर किर्लोस्करवाडी वसविताना त्यांनी, तुरुंगवास भोगून आलेल्या माणसांस रात्रीच्या पहाऱ्यावर नेमले. त्या नेमणुकीत जामीन मालक स्वतःच होता. पहारा मात्र चोख राहिला.