गर्दी आहे, पण कुठल्या दारात?

‘डिझाइन? अगं, आता तर कुणीही मोबाइलवर पोस्टर बनवतं. त्यात कसलं करिअर?’

हा डायलॉग तुमच्या घरात झाला नसेल तर तुम्ही लकी आहात. बोलणारे कधी काका असतात, कधी शेजारचे इंजिनीअर दादा. आणि खरं सांगायचं तर कधीकधी आपण स्वतःच असतो. रात्री दीड वाजता बिहान्सवर दुसऱ्यांचं भारी काम स्क्रोल करता करता पोटात गोळा येतो, इतके लोक इतकं चांगलं करतायत, मग आपल्याला कोण विचारणार?

ही भीती खोटी नाही. इन्स्टावर ‘एका दिवसात लोगो’ वाल्यांची रांग आहे, कॅनव्हात तयार टेम्पलेट आहेत, एआय चार सेकंदांत चार पोस्टर काढून देतंय. एनआयडी, यूसीडच्या क्लासेसचे बोर्ड आता तालुक्याच्या गावातही दिसतात. त्यामुळे ‘पॅशन असली की सगळं होतं’ वगैरे कुणी सांगत असेल तर हसून सोडून द्या.

पण गर्दी नेमकी कुठल्या दारात आहे, हे एकदा बघायला हवं. फ्रेशर्सचे दहा पोर्टफोलिओ उघडा. बहुतेकांत एक काल्पनिक कॉफी ब्रँड असतो, एका फूड डिलिव्हरी ॲपचं रिडिझाइन असतं, एक स्किनकेअरचं पॅकेजिंग असतं. सगळं इंग्रजीत. मराठीत विचार करणारी, मराठीत भांडणारी पोरं पोर्टफोलिओत मात्र मराठीचं एक अक्षर ठेवत नाहीत. आणि बाहेर रस्त्यावर काय चाललंय?

दुकानांच्या पाट्यांचंच घ्या. २०२२ मध्ये राज्य सरकारनं कायद्यात बदल करून सगळ्याच दुकानांना मराठी, देवनागरीतली पाटी सक्तीची केली. मराठी अक्षरं दुसऱ्या भाषेपेक्षा लहान नकोत, असंही त्यात आहे. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, तिथं सप्टेंबर २०२३ मध्ये दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत मिळाली. मग पाट्या घाईघाईत बदलल्या. आता कुठल्याही मॉलमध्ये किंवा मेन रोडवर चक्कर मारा. वर इंग्रजी नाव अगदी जपून काढलेलं, त्याच्या वळणाला एक स्टाइल, एक मूड. खाली मराठी नाव कॉम्प्युटरवर जो पहिला फॉन्ट सापडला त्यात, वर आडवं ताणून बसवलेलं. कायदा पाळला गेला, पण अक्षराला वालीच नाही.

हे मुद्दाम कुणी करत नाही. करणाऱ्याला येत नाही, एवढंच. फोटोशॉप किंवा इलस्ट्रेटरमध्ये भारतीय भाषांसाठीचं टेक्स्ट सेटिंग चालू नसेल तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी यायच्या ऐवजी नंतर येऊन बसते, जोडाक्षरं फुटतात, मधे पाय मोडलेली अक्षरं लटकतात. ही सेटिंगमधली एक निवड आहे, पण ती माहीत नसलेले कितीतरी जण कामं करतायत. फ्लेक्सवर ‘हार्दिक शुभेच्छा’ची काय दशा होते ते तुम्ही पाहिलंच असेल.

याच्या पुढची पायरी आणखी मजेशीर आहे. मराठीतला ‘ल’ आणि ‘श’ हिंदीतल्यापेक्षा वेगळ्या वळणाचे असतात. चांगल्या फॉन्टमध्ये दोन्ही रूपं असतात, पण भाषा ‘मराठी’ निवडली तरच आपली दिसतात. तुमच्या आवडत्या फॉन्टमध्ये ‘दऱ्या’ लिहून बघा. डोंगरातल्या दऱ्यांचा तो झुपकेदार अर्धा र नीट आला नाही तर त्यांचा ‘दर्या’ होतो, म्हणजे थेट समुद्र! ही चूक परदेशात बसलेल्या डिझायनरला दिसणारच नाही. लहानपणापासून मराठी वाचलेल्या तुम्हाला ती न शिकताच दिसते. आता ‘दिसते’पासून ‘दुरुस्त करता येते’पर्यंत जायचंय, आणि ते अंतर मेहनतीचं आहे.

आपल्याकडे ही मेहनत करणाऱ्यांची परंपरा मोठी आहे. एकोणिसाव्या शतकात जावजी दादाजींनी मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यात देवनागरीचे असे देखणे खिळे घडवून घेतले की त्या छपाईचं नाव देशभर झालं. र. कृ. जोशींनी बरीच वर्षं जाहिरात क्षेत्रात काढली, नंतर आयआयटी मुंबईच्या आयडीसीत शिकवलं. विंडोजमधला ‘मंगल’ फॉन्ट त्यांचाच. म्हणजे कित्येक सरकारी अर्ज आपण त्यांच्या अक्षरात वाचलेत. कमल शेडगे यांनी तर मराठी नाटकांच्या नावांना चेहरा दिला. पेपरातल्या जाहिरातीत ते अक्षर पाहूनच नाटक ऐतिहासिक आहे की फार्स, हे कळायचं. २०२० मध्ये ते गेले. अलीकडे मुंबईतल्या ‘एक टाइप’ या गटानं ‘मुक्ता’ आणि ‘बालू’ हे फॉन्ट केले. गूगल फॉन्ट्सवर ते फुकट मिळतात आणि अनेक भारतीय लिप्यांत आहेत. तुमच्या फोनमधल्या एखाद्या मराठी साइटवर ‘मुक्ता’ असण्याची शक्यता बरीच आहे.

रुपयाच्या चिन्हाची गोष्टही इथलीच. तीन हजारांहून जास्त प्रवेशिका आल्या होत्या, त्यातून पाच उरल्या आणि जुलै २०१० मध्ये डी. उदय कुमार यांचं डिझाइन निवडलं गेलं. देवनागरी ‘र’ आणि रोमन ‘आर’ एकाच आकारात. उदय कुमार आयडीसीचे, आणि त्यांचा अभ्यास तमीळ अक्षरांचा. लिपीत मुरलेला माणूस असं काहीतरी करू शकतो, हे त्यातून दिसतं. फक्त याला करिअरचं मॉडेल समजू नका. स्पर्धा एकच जण जिंकतो, बाकी तीन हजारांचं काम फुकट जातं. ‘लोगो स्पर्धा, विजेत्याला प्रमाणपत्र’ असली पोस्टर कॉलेजात लागतात, तिथं मी तरी वेळ घालवणार नाही.

आता कटू बाजू. नुसते फॉन्ट बनवून पोट भरणारे लोक देशात मोजकेच आहेत. एका देवनागरी फॉन्टला शेकड्यांनी आकार काढावे लागतात, कारण जोडाक्षरं संपतच नाहीत. त्यात वर्ष सहज जातं. म्हणून ‘टाइप डिझायनरच होणार’ असं ठरवून उडी मारण्यापेक्षा देवनागरी हे आपल्या हातातलं जास्तीचं हत्यार समजा. बँकेचं ॲप मराठीत येतं तेव्हा बटणावरचा शब्द इंग्रजीपेक्षा लांब होतो आणि मात्रा वर कापल्या जातात. ते सोडवायला कुणीतरी यूआयवाला लागतो. मसाल्याचं पाकीट, दिवाळी अंक, सिनेमाचं टायटल, शाळेचं पुस्तक, मेट्रो स्टेशनवरची दिशा दाखवणारी पाटी, सगळीकडे हेच.

एआयचं काय? चित्रात मराठी लिहायला सांगितलं की ही टूल्स बऱ्याचदा अगम्य काहीतरी गिरवतात. पण ती सुधारतायत, उद्या वेलांटी बरोबर काढतील. म्हणून फक्त ‘मशीनला येत नाही’ या भरवशावर राहू नका. कुठलं अक्षर लग्नपत्रिकेला शोभतं आणि कुठलं हॉस्पिटलच्या इमर्जन्सीच्या पाटीला, हे सांगणारा माणूस लागणारच आहे, आणि बिल त्याचं होतं.

शिकायचं कुठं? अप्लाइड आर्टच्या बीएफएसाठी राज्याची सीईटी आहे, बी.डेस.साठी यूसीड आणि एनआयडीची परीक्षा. दुसऱ्या कुठल्या शाखेची पदवी झाली असेल तरी पुढे मास्टर्सला सीडमधून जाता येतं. पण ॲडमिशनची वाट बघत बसायची गरज नाही. बोरू आणि शाई फार महाग नाही. ‘अ’ ते ‘ज्ञ’ रोज अर्धा तास गिरवलं की महिन्याभरात हाताला कळतं, जाड रेघ कुठं येते आणि का.

पैशाचं मात्र पहिल्या कामापासून स्पष्ट बोला. ‘आपलंच दुकान आहे रे, करून दे ना, तुझी जाहिरात होईल’ असं म्हणणारे आपलेच असतात, म्हणून नाही म्हणणं जड जातं. निम्मे पैसे आधी घ्या, किती बदल करून देणार ते लिहून द्या, आणि पायरेटेड फॉन्ट क्लायंटच्या गळ्यात मारू नका, उद्या लायसन्सचा प्रश्न आला की फोन तुम्हालाच येईल.

सुरुवात म्हणून या रविवारी आपल्या गावच्या बाजारपेठेतल्या वीस पाट्यांचे फोटो काढा. त्यातली सगळ्यात वाईट एक निवडा, वरच्या इंग्रजी नावाच्या वळणाला जुळेल असं मराठी नाव हातानं काढा, मग कॉम्प्युटरवर आणा. आधी-नंतर असे दोन फोटो पोर्टफोलिओच्या पहिल्या पानावर टाका, कॉफी ब्रँडच्या आधी. आणि प्रिंट काढून त्या दुकानदारालाही दाखवून या.