चाकांवरचा संसार आणि रुसलेला फ्रीज

मैत्रिणींनो, जुनं घर विकत घेताना आपण काय काय बघतो? नळाला पाणी येतं का, भिंतीला ओल आहे का, स्वयंपाकघरात उजेड किती. पण तेच घर चाकांवर असेल तर? आम्ही अमेरिकेत डेन्व्हरला राहतो. दोन वर्षांपूर्वी आम्ही एक वापरलेलं मोटरहोम घेतलं. मोटरहोम म्हणजे चालतं-फिरतं घरच! शेगडी, बेसिन, पलंग, न्हाणीघर आणि एक छोटासा फ्रीज. गाडी बारा वर्षांची होती, पण आतून अगदी लख्ख. पडदे बघूनच मी भाळले. पडद्यांऐवजी बॅटरी बघायला हवी होती, हे शहाणपण पुढं यायचं होतं!

त्या जूनमध्ये सासूबाई भारतातून आल्या होत्या. त्यांना यलोस्टोन दाखवायचं ठरलं. हे अमेरिकेतलं १८७२ साली स्थापन झालेलं राष्ट्रीय उद्यान. जमिनीतून उकळत्या पाण्याची कारंजी उडतात, ती बघायला जगभरातून लोक येतात. पण सासूबाईंना मधुमेह, रोज इन्सुलिनचं इंजेक्शन. "अगं, माझ्या बाटल्यांचं काय?" त्यांनी विचारलं. "आई, आपल्या गाडीत फ्रीज आहे ना!" मी मोठ्या ऐटीत सांगितलं.

दोन दिवसांच्या प्रवासानंतर संध्याकाळी आम्ही मॅडिसनच्या तळावर पोचलो. तिथं विजेची जोडणी नाही; दिवा, पंप सगळं गाडीच्या बॅटरीवर. पिठलं-भात करून झोपलो. पहाटे पाच वाजता दिवा लावायला गेले तर तो मिणमिणता. फ्रीज उघडला तर दुधाचा गारवा गेलेला, लोणी मऊ आणि आतल्या थर्मामीटरवर १४ अंश! इन्सुलिनच्या न उघडलेल्या दोन बाटल्या त्यातच होत्या. माझ्या पोटात गोळाच आला.

आधी बाटल्या, मग बिघाड

फ्रीज नंतर दुरुस्त करता येतो, म्हणून आधी औषधाकडे वळलो. थर्मासमध्ये बर्फ होता. त्यावर जाड नॅपकिनची घडी घातली आणि वर बाटल्या ठेवल्या. बर्फाला बाटली टेकू द्यायची नाही, कारण इन्सुलिन गोठलं की वायाच गेलं. पुढं गावातल्या औषधवाल्याला विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "घाबरू नका. न उघडलेली बाटली २ ते ८ अंशांत ठेवायची, हे खरं. पण एका रात्रीच्या १४ अंशांनी ती बिघडत नाही. बाटलीवर आजची तारीख लिहा आणि २८ दिवसांत वापरून टाका." जीव भांड्यात पडला. मात्र प्रत्येक इन्सुलिनचे नियम थोडे वेगळे असतात. तुमच्या घरी कुणी घेत असेल, तर आपल्या डॉक्टरांना प्रवासापूर्वीच विचारून ठेवा.

असं झालं तरी कसं?

या गाडीतला फ्रीज आपल्या घरच्यासारखा नसतो. त्याला घरघरणारा काँप्रेसर नाही. तो चक्क उष्णतेवर थंड होतो! मागच्या नळ्यांत अमोनिया आणि पाणी असतं. खाली ज्योत पेटली की अमोनियाची वाफ वर चढते, पुन्हा तिचं पाणी होतं आणि वाहता वाहता ती आतली ऊब शोषून घेते. १९२२ साली स्टॉकहोममधल्या प्लाटेन आणि मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी ही युक्ती काढली. वीज नसलेल्या ठिकाणी पूर्वी रॉकेलवर चालणारे फ्रीज होते ना, ते याच जातीचे.

आमच्या फ्रीजला तीन बटणं: तळावरची वीज, गाडीची बॅटरी आणि गॅस. गाडी चालू असताना तो बॅटरीवर ठेवायचा, कारण इंजिन बॅटरी भरत राहतं. इंजिन बंद केलं की लगेच गॅसवर घ्यायचा. त्या संध्याकाळी मला वाटलं, बटण यांनी फिरवलं. यांना वाटलं, मी फिरवलं. संसारात अशी किती बटणं राहून जातात, हो ना?

आता हिशेब बघा. फ्रीज बॅटरीवर तासाला सुमारे १५ अँपिअर ओढतो. आमची बॅटरी १०० अँपिअर-तासांची. शिशाच्या बॅटरीचं अर्धंच भांडं वापरावं. त्यापलीकडे ओढली तर तिचं आयुष्य घटतं. म्हणजे हाताशी ५० आले. तीन-साडेतीन तासांत खेळ खलास!

मग पहाटे मी धावत गॅसचं बटण दाबलं. शेगडी तर पेटत होती, म्हणजे सिलिंडर भरलेला. पण फ्रीज पेटेना. का? कारण गॅसवर चालतानाही ठिणगी पाडायला आणि झडप उघडी ठेवायला थोडी वीज लागते, ती बॅटरीतूनच येते. तेव्हा लक्षात ठेवा, फ्रीज रुसला की आधी बॅटरीची चौकशी करावी.

बॅटरीची नाडी

पश्चिमेकडचं वेस्ट यलोस्टोन हे गाव तिथून चौदा मैलांवर. गाडीचं इंजिन वेगळ्या बॅटरीवर चालतं, म्हणून गाडी सुरू झाली. गॅरेजवाल्यानं मल्टिमीटर लावला: ११.६. स्वस्थ पडून असलेल्या भरल्या बॅटरीचा आकडा १२.६ च्या वर हवा. १२.१ च्या आसपास आला की ती अर्धी उरली असं समजावं. बुचं उघडली तर एका खणातल्या पट्ट्या पार कोरड्या! एका रात्रीत काही पाणी आटत नाही. आधीच्या मालकानं गाडी वर्षभर चार्जरला लावून ठेवली असणार आणि पाणी कुणी पाहिलंच नसणार.

गॅरेजवाल्यानं पट्ट्या बुडतील एवढंच डिस्टिल्ड वॉटर घातलं, बॅटरी दिवसभर चार्जरवर ठेवली आणि मग खुणेपर्यंत भरली. आधीच काठोकाठ भरली तर चार्ज होताना तेजाबी पाणी उतू जातं. नळाचं पाणी घालायचं नाही आणि वरून तेजाब तर मुळीच नाही.

टोकांवर पांढरट-हिरवट बुरशीसारखं काहीतरी साचलं होतं, ते मी साफ केलं. बुचं घट्ट लावून, कोमट पाण्यात खायचा सोडा कालवून जुन्या दात घासायच्या ब्रशनं घासलं, पुसून कोरडं केलं. तार काढताना ऋण टोकाची आधी आणि लावताना ती शेवटी. आणि हो, हातात बांगड्या ठेवू नका! धातूची बांगडी दोन टोकांना टेकली तर अशी तापते की हात भाजलाच. सासूबाई माझ्या पाटल्या पदरात धरून बसल्या होत्या. "सोनं काढून यंत्रांची पूजा करणारी सून पहिल्यांदाच बघते," म्हणाल्या!

ज्योत निळी, फ्रीज सरळ

संध्याकाळी आकडा १२.६ दिसला. फ्रीज पेटला, पण दोन तास झाले तरी गार होईना. बाहेरची जाळी काढून पाहिलं तर ज्योत पिवळी. तुमच्या शेगडीची ज्योत पिवळी झाली की तुम्ही काय करता? बर्नर साफ करता. तेच केलं. गॅस बंद करून सगळं पूर्ण गार होऊ दिलं. आत काजळी आणि कोळ्याचं जाळं! मऊ ब्रशनं साफ केल्यावर ज्योत निळीशार झाली. उंचावर हवा विरळ असते, त्यामुळं हे बर्नर आणखी कुरकुरतात. आणि आमचा तळ होता सुमारे ६,८०० फुटांवर.

दुसरं कारण गंमतीचं. गाडी एका अंगाला कलली होती. नळ्यांतला द्रव नुसत्या उतारावर वाहतो. फ्रीज कलता असेल तर तो मध्येच अडतो. फार वेळ तसाच चालवला तर फ्रीज कायमचा निकामी होतो. मी ओट्यावर ताटात पाणी घेतलं आणि पाणी चारही कडांना सारखं येईपर्यंत यांनी चाकांखाली फळ्या सारल्या. सकाळी थर्मामीटरवर ४ अंश!

जुनी गाडी घेण्यापूर्वी

- फ्रीज आदल्या दिवशीच सुरू करायला सांगा. हा फ्रीज सावकाश गार होतो, रात्रभर तरी लागतेच. "आत्ताच लावलाय" या उत्तरावर विश्वास ठेवू नका.
- मागची जाळी काढून बघा. अमोनियाचा उग्र वास किंवा नळ्यांवर पिवळी पूड दिसली तर नळ्या फुटल्यात. ती पूड विषारी असते, हात लावू नका.
- दाराच्या रबरात कागद धरून दार लावा. कागद सहज निसटला तर रबर गेलं.
- बॅटरीचं वय विचारा आणि आकडा रात्रभर चार्जर काढून ठेवल्यावर बघा.
- गॅसचा वास आला तर सिलिंडर बंद, दारं उघडी आणि सगळे बाहेर. विजेचं एकही बटण दाबू नका.
- पेट्रोल पंपावर शिरण्यापूर्वी फ्रीजचा गॅस बंद करा.

तुम्ही म्हणाल, "बाई, आम्हाला कुठं मोटरहोम घ्यायचंय?" खरं आहे. पण जिन्याखाली किंवा गॅलरीत तुमच्या इन्व्हर्टरची बॅटरी आहे ना? तीही बहुधा याच कुळातली. तिचं पाणी शेवटचं कधी पाहिलं? पाण्याची खूण दर महिन्याला बघा. ती मोकळ्या हवेत ठेवा, कारण चार्ज होताना पेट घेणारा वायू सुटतो. जवळ निरांजन नको, उदबत्ती नको. आणि बारा तास वीज जाण्याआधीच घरातल्या औषधांचं काय करायचं ते ठरवून ठेवा.

त्यानंतर आमच्या गाडीत एक नियम झाला. इंजिन बंद झालं की सासूबाई मागून विचारायच्या, "बटण फिरवलं का गं?" आणि आम्ही दोघंही एकदम ओरडायचो, "हो, मी फिरवलं!" मग मात्र आम्ही दोघंही उठून खात्री करून घ्यायचो.