एकच वार, निरनिराळी घराणी

गाय व्याल्यावर गोठ्याच्या दाराशी बसलेली म्हातारी आतल्या गड्याला "वार पडली का रे?" म्हणून पुन्हापुन्हा विचारीत असते, आणि त्याच सुमारास ओसरीवरच्या पंगतीत मटणाचा रस्सा घेऊन आलेल्या वाढप्याला एखादा पाहुणा "मला नको, आज माझा वार आहे," असे सांगून ताटावर हात आडवा धरतो, दोघांच्या मुखातून उच्चार एकच निघालेला असतो, तथापि म्हातारीची काळजी आणि पाहुण्याचे व्रत यांची गल्लत कोणी मराठी माणूस करीत नाही. कोशकाराला मात्र येथे थांबून विचार करावा लागतो, कारण 'वार' या दोन अक्षरांच्या छपराखाली जी मंडळी नांदतात त्यांपैकी कित्येकांचे परस्परांशी रक्ताचे नाते नाही.

पाहुण्याचा वार संस्कृतातला. त्याचा मूळ अर्थ दिवस नव्हे, तर पाळी किंवा नेमलेली वेळ. 'वारंवार' या शब्दात तो अर्थ अद्याप शाबूत आहे, हिंदीत त्याचेच 'बार' झाले, आणि नेमाने पुन्हापुन्हा घडणारी पंढरीची वारीही त्याच कुळातली. पाळी कोणाची, तर ग्रहांची. प्राचीन ज्योतिष्यांनी अहोरात्राचे चोवीस होरे कल्पिले (हा होरा ग्रीकांकडून आलेला) आणि शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र या क्रमाने एकेक होरा एकेका ग्रहाच्या स्वाधीन केला. सातांची तीन आवर्तने झाली म्हणजे चोवीसांतून तीन होरे उरतात, म्हणून दुसऱ्या दिवसाचा पहिला होरा चौथ्या ग्रहाकडे जातो; रवीपासून मोजल्यास चौथा चंद्र येतो, आणि रविवारानंतर सोमवार का, याचा उलगडा होतो. मध्य प्रदेशातील एरण येथील बुधगुप्ताच्या इ. स. 484 च्या स्तंभलेखात गुरुवारचा निर्देश आहे, पण तेथे 'वार' हा शब्द नाही. 'सुरगुरूचा दिवस' अशा अर्थाची रचना आहे.

कापडाच्या दुकानातला वार निराळा. दुकानदार लोखंडी गजाला कापड भिडवून टराटरा ओढीत जाई तेव्हा तो छत्तीस इंचांचा हिशेब करीत असे. त्यापूर्वीचे माप हाताचे. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचे अंतर म्हणजे एक हात, दोन हातांचा एक वार, आणि म्हणून अठरा हात लुगडे तेच नऊवारी. दशमान पद्धतीचा कायदा 1956 साली झाला आणि दुकानातून वाराची हकालपट्टी झाली, परंतु सव्वाआठ मीटर भरणाऱ्या साडीला त्या हिशेबाचे नाव देण्याचे धाडस कोणी केले नाही, आणि करूही नये.

म्हातारीची वार स्त्रीलिंगी. तो वार, ती वार, एवढ्या एका भेदावर व्याकरणाने या दोघांची वाट वेगळी केली आहे. वासरू बाहेर आल्यावर त्यामागून पडणारे हे वेष्टन साधारणपणे आठ-बारा तासांत पडावे लागते. अडकून राहिले तर ते आत कुजते आणि गाईला ताप भरतो. पडल्यावर गाईने ते खाऊ नये म्हणून रात्र जागून काढणारे शेतकरी आहेत, आणि काही भागांत ते गवतात गुंडाळून वडाच्या फांदीला टांगतात, वडाच्या चिकासारखे दूध वाढावे म्हणून.

आघातवाचक वार आला की हौशी व्युत्पत्तिकारांच्या हाती कोलीत मिळते. ज्याने वार करावयाचा ती तलवार, असे ते छातीठोकपणे सांगतात. प्रत्यक्षात तलवारीचे पूर्वरूप संस्कृत 'तरवारि'. तिच्या शेपटाशी दिसणारा वार हा निव्वळ योगायोग होय.

कचेरीतला वार फारसीतून आलेला आणि स्वतःच्या पायांवर उभा न राहणारा. तपशीलवार, तारीखवार, गाववार यांत तो 'त्या त्या अनुक्रमाने' असा अर्थ देतो, तर उमेदवारात तोच 'बाळगणारा' होतो; उमेद बाळगतो तो उमेदवार, मग निवडणुकीनंतर ती राहो वा न राहो. 1835 च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी इंदापुरात शेतनिहाय मोजणी आणि आकारणी सुरू केली ती ज्या पद्धतीसाठी, त्या रयतवारीत हाच वार आहे. सरकारचा सारा मध्यस्थावर न बसता प्रत्येक रयतेच्या नावे बसावा, हा तिचा आशय.

आणि चंद्रपूर-नांदेडकडे गेले तर दारावरच्या पाट्यांतून आणखी एक वार भेटतो. 1962 साली मुख्यमंत्री झालेले मारोतराव कन्नमवार यांचे आडनाव पाहा, किंवा गंगमवार, मुनगंटीवार. तेलुगूत 'वारु' हे आदरार्थी बहुवचन. आपण 'ते' म्हणतो, 'मंडळी' म्हणतो, त्याच भावाचे. गोदावरी ओलांडून आलेल्या कुटुंबांनी मराठी आपलीशी केली, मुलांची नावे मराठी ठेवली; अखेरचा उकार तेवढा वाटेत गळाला.